जुनी पेट्रोल गाडी आयडलिंगला थरथरते, सिग्नलला बंद पडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयडलिंग म्हणजे गाडी उभी असताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनचं फिरणं. खालची उत्तरं मुख्यतः कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहेत: मारुती ८००, ओम्नी, सुरुवातीची झेन, प्रीमियर पद्मिनी. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी संगणक आणि इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या) आणि सीएनजीचे प्रश्न पुढे वेगळे घेतले आहेत. डिझेलचं गणितच निराळं, ते इथे नाही.

आयडलिंग बिघडलं की सगळे आधी कार्बोरेटरला हात घालतात. ते बरोबर आहे का?

नाही, आणि याबद्दल माझं मत ठाम आहे. कार्बोरेटर बोनेट उघडताच समोर दिसतो, त्याला स्क्रू असतात आणि स्क्रू फिरवला की आवाज लगेच बदलतो. म्हणून हात तिकडे जातो. पण बऱ्याचदा दोष प्लगमध्ये, वायरमध्ये, एखाद्या तडकलेल्या होजमध्ये किंवा टॅपेटमध्ये (इंजिनच्या झडपा उघडणारा भाग) असतो आणि स्क्रू फिरवून तो फक्त झाकला जातो. गाडी आठवडाभर बरी चालते, ॲव्हरेज पडतं आणि जुना त्रास परत येतो. मग ‘कार्बोरेटर गेलाय’ असं ठरतं आणि चांगला मूळ कार्बोरेटर निघून त्याच्या जागी हलका माल बसतो. मूळ सुटे भाग आता दुर्मिळ होत चालले आहेत, म्हणून हे पाहून फार वाईट वाटतं.

आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन तेव्हा अगदी थोड्या हवेवर आणि थोड्या पेट्रोलवर फिरत असतं. होजच्या बारीक चिरेतून आत शिरणारी जादा हवा साठच्या वेगात जाणवतही नाही, पण सिग्नलला तीच हवा मिश्रण इतकं पातळ करते की ते नीट पेटत नाही. करंट (प्लगची ठिणगी) कमकुवत असेल किंवा एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (मिश्रण दाबण्याची ताकद) कमी असेल, तरी तेही पहिल्यांदा इथेच उघडं पडतं. म्हणून तपासताना आधी हवा, मग करंट, मग पेट्रोल असा क्रम ठेवा. स्क्रू सगळ्यात शेवटी.

गॅरेजला नेण्याआधी मी काय बघून ठेवू?

त्रास कधी होतो ते. ‘गाडी मिसिंग करते’, म्हणजे ठोके चुकवते, एवढ्यावर कोणताही मेकॅनिक अंदाजच बांधणार. सकाळी पहिल्या स्टार्टला होतं की गरम झाल्यावर? ब्रेक दाबल्यावरच का? एसी लावल्यावर? पावसात? टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावर? बंद पडताना झटक्यात, चावी फिरवल्यासारखी जाते, की धडपडत, आचके देत जाते? हा शेवटचा फरक फार कामाचा आहे. झटक्यात जाणारी गाडी बहुतेक वेळा करंटमुळे जाते, आचके देत जाणारी पेट्रोलमुळे. नियम पक्का नाही, पण सुरुवात कोणत्या टोकाकडून करायची ते यावरून कळतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, वायर, फिल्टर आणि ट्युनिंग एकाच दिवशी झालं, तर गाडी सुधारली तरी कशामुळे ते कळणार नाही, बिघडली तरी कळणार नाही.

रेस दिली की मस्त चालते, पाय काढला की लगेच बंद. हे काय असतं?

कार्बोरेटरच्या मारुतीत हे लक्षण दिसलं की मी आधी सोलेनॉइड बघतो. कार्बोरेटरच्या बाजूला एक छोटा दंडगोल असतो, त्याला वायर जोडलेली असते. चावी चालू केली की तो स्लो सर्किटचं, म्हणजे आयडलिंगच्या बारीक वाटेचं, पेट्रोल मोकळं करतो आणि चावी बंद केली की तोडतो. त्याला करंट मिळाला नाही, किंवा आतली सुई अडकली, तर आयडलिंगचं पेट्रोल कायमचं बंद. रेस दिल्यावर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतं, म्हणून तेव्हा काहीच जाणवत नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चावी चालू करा, सोलेनॉइडची वायर काढून परत टेकवा. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर आधी वायरपर्यंत १२ व्होल्ट येतात का ते टेस्ट लॅम्पने बघा. नुसता सैल कनेक्टर किंवा उडालेला फ्यूजही असू शकतो. हे करताना आसपास पेट्रोल गळत नाही याची खात्री करा, कारण वायर टेकवताना ठिणगी पडते.

‘टक्’ येत असेल तर संशय स्लो जेटवर. त्याचं भोक इतकं बारीक असतं की पेट्रोलचा वाळलेला चिकटा किंवा टाकीतला गंजाचा एक कण पुरतो. जेट काढून कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करावा. तार घालू नका. जेट पितळेचा असतो, तारेने भोक मोठं होतं आणि मग त्या कार्बोरेटरचं मिश्रण कधीच जमत नाही.

सकाळी पहिल्या स्टार्टला त्रास, नंतर ठीक.

चोक पूर्ण लागतो का ते बघा. एअर फिल्टरचं झाकण काढून कुणाला तरी चोक ओढायला सांगा. वरची झडप पूर्ण मिटली पाहिजे आणि चोक आत ढकलल्यावर पूर्ण उभी झाली पाहिजे. केबल जुनी झाली की दोन्हीकडे अर्धवट राहते. अर्धवट मिटलेला चोक सकाळी त्रास देतो आणि अर्धवट उघडलेला दिवसभर: काळा धूर, काळे प्लग, पेट्रोलचा वास.

इंजिन ‘हवा घेतंय’ असं सांगितलं. ते मी घरी शोधू शकतो का?

हो, आणि हे काम घरीच जास्त नीट होतं, कारण त्याला वेळ लागतो. गाडी उघड्यावर उभी करा, न्यूट्रलला, हँडब्रेक लावून. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

आधी कान लावा. मॅनिफोल्डला (कार्बोरेटरमधलं मिश्रण सिलिंडरकडे नेणारा नळ) जोडलेल्या प्रत्येक रबरी होजजवळ ‘स्स्स’ आवाज येतो का? होजची टोकं वाकवून बघा, चिरा टोकाशीच पडतात. मग पाण्याचा बारीक स्प्रे घेऊन कार्बोरेटरच्या बुडाशी, त्याखालच्या जाड इन्सुलेटरभोवती आणि मॅनिफोल्ड जिथे हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) बसतो तिथे थोडं थोडं मारा. डिस्ट्रिब्यूटर (एकेका प्लगला पाळीने करंट वाटणारा भाग) आणि प्लगच्या वायरी मात्र वाचवा. एखाद्या जागी पाणी पडताच इंजिनचा आवाज क्षणभर बदलला तर तिथूनच हवा जाते. काही ठिकाणी यासाठी पेट्रोल उडवतात. गरम इंजिनवर ते करू नका, करूही देऊ नका. बोनेटखालच्या आगी अशाच लागतात.

दोन जागा हमखास राहून जातात. एक पीसीव्ही झडप, जी क्रँककेसचा धूर परत मॅनिफोल्डमध्ये नेते. तिची होज चिमटीत दाबल्यावर आयडलिंग लक्षणीय सुधारलं तर झडप उघडी अडकली आहे. दुसरी जागा ब्रेक बूस्टर, म्हणजे मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमवर ब्रेक हलका करणारा डबा. सिग्नलला ब्रेक दाबून ठेवला की गाडी आचके देते किंवा बंद पडते, ब्रेक सोडला की ठीक, असं होत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो. त्याची चाचणी अशी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याची होज तपासून घ्या. हे काम लांबणीवर टाकू नका, इथे प्रश्न ब्रेकचा आहे.

मारुती ८०० तीन सिलिंडरची. एक सिलिंडर मेला आहे हे कसं ओळखायचं?

तीनपैकी एक गेला तर तिसरा हिस्सा ताकद जाते, त्यामुळे गाडी इतकी हलते की स्टिअरिंगवर हात ठेवला तरी कळतं. सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरा. धूर सारख्या लयीत यायला हवा. ठरावीक अंतराने एक ठोका चुकत असेल तर एकच सिलिंडर दोषी. ठोके वाटेल तसे चुकत असतील तर दोष सगळ्यांचा सामाईक आहे: हवा, पेट्रोल, किंवा डिस्ट्रिब्यूटर.

कोणता सिलिंडर ते शोधायला कार्बोरेटरच्या गाडीत इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची कॅप क्षणभर काढतात. चालू सिलिंडरची कॅप काढली की इंजिन आणखी हलतं. मेलेल्याची काढली तर काही फरक पडत नाही. हाताने काढू नका, एचटी (प्लगच्या हाय टेन्शन) वायरचा झटका जोराचा असतो, आणि हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी तर जवळही उभं राहू नये.

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये घालून बघा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. तिथेच राहिला तर वायर बदलून बघा. तरीही तिथेच राहिला तर प्रश्न इंजिनच्या आतला आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

प्लग काढलाच आहे तर त्याचं तोंड नीट बघा. विटकरी किंवा कॉफीसारखा रंग चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, चकचकीत काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग फार तापतोय. तिन्ही प्लग शेजारी मांडून बघा: तिन्ही एकसारखे काळे असतील तर कार्बोरेटर, चोक किंवा एअर फिल्टर. एकच वेगळा असेल तर कार्बोरेटरला दोष देऊ नका.

पावसाळ्यातच होतं, उन्हाळ्यात गाडी छान.

रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या जिथे नाचतील ती जागा गळकी. डिस्ट्रिब्यूटरची कॅप उघडून आत बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट त्या रेघेने उडतो. ती कॅप पुसून चालणार नाही, बदलायलाच हवी. कॅप बदलताना आत फिरणारा रोटरही बदला.

घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये तापल्यावर बंद पडते आणि वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते.

सगळ्यात जास्त चुकीचे सुटे भाग या एका तक्रारीवर बदलले जातात, कारण गाडी गॅरेजला पोचेपर्यंत थंड होते आणि तिथे सगळं ठीक दिसतं. म्हणून तपासणी बंद पडल्या जागीच करायची. गाडी कडेला घ्या, हॅझार्ड लावा, मागे दगड लावा.

एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या घशात वरून बघा आणि हाताने थ्रॉटल एकदा पूर्ण उघडा. इंजिन बंद असतानाही ॲक्सिलरेटर पंपाने पेट्रोलची बारीक धार मारली पाहिजे. धार आली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) पेट्रोल आहे, मग करंट बघा. धार नाही आली तर पेट्रोल वरपर्यंत पोचत नाही. या एका तपासणीने निम्मे संशय निघून जातात.

पेट्रोल नसेल तर पहिली शंका व्हेपर लॉकची, ज्याला आपल्याकडे एअर लॉक म्हणतात. मेकॅनिकल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, इंजिन तापलं की पंपातल्या आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही. पद्मिनीवाले घाटात पंपावर ओलं फडकं टाकून उभे राहायचे ते याचसाठी, आणि तो उपाय आजही चालतो. मुळातला उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब ठेवणं, त्यावरचं मूळ उष्णतारोधक वेष्टन परत बसवणं, रेडिएटर आणि पंखा धड असणं. दुसरी शंका टाकीच्या झाकणाची. झाकणातली हवेची वाट बुजली तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे येत नाही. झाकण उघडताना जोरात ‘फुस्स’ होऊन गाडी सुरू झाली तर कारण सापडलं.

पेट्रोल आहे आणि ठिणगी नाही, तर इग्निशन कॉइल किंवा डिस्ट्रिब्यूटरमधलं इलेक्ट्रॉनिक मोड्यूल. दोन्ही तापल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर परत उभी राहतात. जुन्या पॉइंटच्या गाड्यांत कंडेन्सर अगदी असाच वागतो.

महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण आपोआप घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. तिथे आयडलिंग थोडं जड वाटलं तर स्क्रूला हात लावू नका. वाईला उतरेपर्यंत ते आपोआप सुधारतं.

उतारावर इंजिन बंद पडलं तर बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्युमवर एक-दोनदाच हलका ब्रेक लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतो, पण पूर्ण ताकदीने दाबावा लागतो. घरात जे कोणी ती गाडी चालवतात त्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

एसी लावला की आयडलिंग बसतं.

एसीचा भार पेलण्यासाठी थ्रॉटल किंचित उघडणारी ‘आयडल अप’ची व्यवस्था असते, ती व्हॅक्युमवर चालते. तिची होज निघालेली किंवा पडदा फाटलेला असतो. ते न बघता मुख्य आयडल स्क्रूच वाढवला जातो आणि एसी बंद केल्यावर गाडी घोंघावत राहते.

पीयूसीच्या पावतीवरून काही कळतं का?

खूप कळतं, आणि फार थोडे लोक ती वाचतात. पेट्रोल गाडीच्या पावतीवर आयडलिंगच्या वेळचे दोन आकडे असतात: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) टक्क्यांत आणि एचसी (हायड्रोकार्बन) पीपीएममध्ये. बीएस-२ (भारत स्टेज, धुराच्या नियमांचा टप्पा) च्या आधीच्या चारचाकीला सीओची मर्यादा ३ टक्के आणि एचसीची १५०० पीपीएम आहे. बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५०.

पास की नापास एवढंच बघू नका. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त: चोक, फ्लोटची पातळी, चोंदलेला एअर फिल्टर. एचसी जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर जातंय, म्हणजे मिसिंग. सीओ कमी आणि एचसी भरपूर, शिवाय गाडी थरथरते, असं असेल तर इंजिन कुठूनतरी हवा घेतंय ही शक्यता दाट. जुन्या पावत्या जपून ठेवा. दोन वर्षांत एचसी चढत गेला असेल तर तो दोष तुमच्या कानाला कळण्याआधी कागदावर आलेला असतो.

इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे होतं का?

काही अंशी. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं. शुद्ध पेट्रोल जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. एमपीएफआयचा संगणक हा फरक बऱ्याच अंशी भरून काढतो, कार्बोरेटरला ते जमत नाही. आधीच काठावर असलेली गाडी २० टक्के इथेनॉलवर मिसिंग करू लागते ती यामुळे. जुने रबर फुगतं, पंपाचा पडदा आणि होज लवकर जातात, टाकीतला जुना गंज-कचरा सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्महिने उभी ठेवू नका. होज इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घ्या. मात्र प्रत्येक बिघाडाचं खापर इथेनॉलवर फोडून प्लगच्या जुन्या वायरी तशाच ठेवणं, हे मला पटत नाही.

२००० नंतरची एमपीएफआय आहे. तिला काय वेगळं?

थ्रॉटल बॉडीत आणि आयडल एअर कंट्रोल झडपेत कार्बन साचतो, तो साफ करून पुष्कळ गाड्या सुधारतात. त्यानंतर मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आणि त्याची होज, कूलंट टेम्परेचर सेन्सर, पेट्रोल पंपाचा दाब. इथे प्लगच्या कॅप ओढून सिलिंडर शोधू नका, कॉइल आणि इसीएमला (इंजिनच्या संगणकाला) इजा होऊ शकते. त्याऐवजी इंजेक्टरचं कनेक्टर एकेक करून काढा. मिसिंग करणारी गाडी तशीच दामटली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून फुटतो. आज बाजारात मिळणारा स्वस्त स्कॅनर २०१० आधीच्या बऱ्याच गाड्यांना लागत नाही, कंपनीचा जुना स्कॅनर असलेला माणूस शोधावा लागतो.

सीएनजीवर बंद पडते, पेट्रोलवर ठीक. किंवा उलट.

सीएनजी पेटायला जास्त जोराचा करंट लागतो. पेट्रोलवर लपलेले कमजोर प्लग आणि वायरी गॅसवर लगेच उघड्या पडतात, म्हणून आधी तेच बघा आणि प्लगचा गॅप थोडा कमी ठेवा. त्यानंतर एअर फिल्टर आणि मग रिड्यूसरचं (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आयडल ॲडजस्टमेंट, तेही किटवाल्याकडूनच. उलट तक्रार असेल, म्हणजे पेट्रोलवर चालतच नाही, तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून डिंक झालेलं असतं. रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवली तर ही वेळ येत नाही.

सगळं तपासलं. आता स्क्रू कसे लावायचे?

इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, एसी आणि दिवे बंद, ठिणगीचं टायमिंग बरोबर. आधी आयडल स्पीड स्क्रूने मारुतीला साधारण ८५० ते ९०० आरपीएमवर आणा. मग मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत, इंजिन अडखळेपर्यंत. तिथून हळूहळू बाहेर, जिथे इंजिन सर्वात वेगाने आणि मऊ फिरतं तिथपर्यंत. वेग वाढला असेल तर स्पीड स्क्रूने परत खाली आणा. मिश्रणाचा स्क्रू आत आपटेपर्यंत घट्ट करू नका, सुईच्या टोकाला खाच पडते.

तो फिरवून काहीच फरक पडत नसेल तर तिथेच थांबा. स्लो सर्किट बुजलं आहे किंवा इंजिन हवा घेतंय. जोर लावून काही साधणार नाही.

इंजिनच गेलंय का, हे खोलण्याआधी कसं कळेल?

तीन तपासण्या मागा. टॅपेट आधी फिलर गेजने लावून घ्या. घट्ट बसलेला टॅपेट आवाज करत नाही, पण झडप पूर्ण मिटू देत नाही आणि शेवटी ती जळते. मग व्हॅक्युम गेज. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, दर तीनशे मीटर उंचीला सुमारे एक इंच कमी. म्हणजे पुण्यात दोनेक इंच कमी येणं ठीक. काटा स्थिर पण खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. काटा ठरावीक लयीत झटके देत असेल तर झडप.

शेवटी कॉम्प्रेशन, इंजिन गरम, सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. सिलिंडरांमधला फरक एक किलोपेक्षा जास्त नसावा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजा: आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग, तसाच राहिला तर झडप किंवा हेड गॅस्केट. झडप किंवा गॅस्केट असेल तर फक्त हेड उतरवून काम होतं, पूर्ण इंजिन खोलायला परवानगी देऊ नका. हेड उतरतंच आहे आणि गाडीला टायमिंग बेल्ट असेल, तर तो त्याच वेळी नवा घाला.